लेण्याद्रीच्या वाटेवरचे करवंद

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही काही शिक्षक मुलाबाळांसह लेण्याद्रीला गेलो. जुन्नरहून कुकडी ओलांडली की डोंगर समोर येतो. तीसेक बौद्ध लेणी, सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती. मोठ्यांची नजर वर, तर मुलांची वाटेकडेच्या झुडपांवर.

"ही चमेली का?" एका मुलीने विचारले. फुले पांढरी, पाच पाकळ्यांची, वासही तसाच गोड.

"चमेलीला असले काटे कुठले, बेटा?"

ते करवंद होते, उर्दूतला करौंदा. इंग्रजांनी याला 'बंगाल करंट' म्हटले, पण युरोपातल्या करंटशी याचे काही नाते नाही. केकवरची लाल 'चेरी' पुष्कळदा साखरेत मुरवलेले, रंगवलेले करवंदच असते, हे सांगितले तेव्हा मुलांचा विश्वास बसेना.

ओळख पटवायची तर आधी काटा पाहावा. तो ताठ आणि मजबूत, बऱ्याचदा टोकाशी दुभंगलेला असतो. पाने जाड, चकचकीत, समोरासमोर. देठ मोडला की पांढरा चीक येतो. पण भगिनींनो, नुसत्या चिकावर जाऊ नका. कण्हेर आणि पिवळी बिट्टी याच कुळातल्या, चीकवाल्या आणि विषारी. बिट्टीची बी तर थेट हृदयावर परिणाम करते. दुसरी फसवणूक घाणेरीची. तिलाही काटे, तिचीही फळे पिकून काळी होतात. मात्र तिची फळे बारीक, घोसात लागतात. पान खरखरीत, चुरगळले की उग्र वास येतो आणि चीक नसतो. सगळ्या खुणा जुळेपर्यंत मुलांना काही तोंडात घालू देऊ नये.

कच्च्या करवंदाचे लोणचे होते. काळी, पिकलेली फळे मे महिन्यात येतात. फोडल्यावर आत लाल निघाले तर कोंबडा, नाहीतर कोंबडी, हा खेळ आमच्या लहानपणी होता. आता आम्हालाच तो शिकवावा लागला.

उन्हाळ्यात ठाकर आणि महादेव कोळी बाया पानांच्या द्रोणांत ही 'डोंगरची काळी मैना' विकायला आणतात. त्या भाव सांगतात तेव्हा घासाघीस करण्याआधी आम्हाला ते दुभंगलेले काटे आठवतात. शिवाय करवंद फुलते ते नेमके वणव्याच्या दिवसांत. कुणी गवताला काडी लावली की फुलोरा जळतो आणि त्या जाळीची त्या वर्षीची पाटी रिकामी राहते.