सूर्यास्ताआधीची मुंबई

पदवीची परीक्षा संपली की व्यापारी घरांतील मुलांच्या तोंडी हल्ली बँकॉक, सिंगापूर, दुबई ही नावे असतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका जैन कुटुंबातही यंदा तसेच घडले. दोघे चुलतभाऊ आणि त्यांची धाकटी बहीण यांना आशियातील एखादे गजबजलेले शहर पाहायचे होते. घरून मात्र तिघांत मिळून आठ हजार रुपये आणि दोन दिवसांची मुदत मिळाली. आजोबा म्हणाले, "तसले एक शहर आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर आहे. लग्नाच्या खरेदीला तुम्ही तिथे गेला आहात, ते पाहिलेले नाही." त्यांच्या अटी दोनच होत्या. पैचा हिशेब वहीत लिहायचा, आणि जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपायचे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस आणि चातुर्मास या दोहोंच्या आधी, तिघे महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाले. सकाळी गाडीतून उतरताच पहिले प्रेक्षणीय स्थळ पायाखाली होते. 1878 ते 1888 या काळात बांधलेले आणि 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहण्यास वेगळा खर्च पडत नाही. मुक्काम सी. पी. टँकच्या एका धर्मशाळेत होता. याच परिसरात दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या घराण्याची हिराबाग आहे. बाहेरगावच्या जैन विद्यार्थ्याची आणि यात्रेकरूची सोय व्हावी, ही त्या पिढीची तळमळ आजही तरुणांच्या खिशाला आधार देते.

पहिला दिवस कोटातील पायपिटीचा होता. टाउन हॉलच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कलची झाडे आणि दलाल स्ट्रीट ही स्थळे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणाऱ्या दलालांची 1875 मध्ये संघटना झाली आणि तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला. थोरल्या भावाचा मोबाइलवर शेअरचा व्यवहार चालत असल्याने त्याचे मन तेथे रमले.

दुपार ओसरल्यावर ते ओव्हल मैदानावर आले. समोर राजाबाई टॉवर होता. सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेले प्रेमचंद रायचंद हे कापसाचे मोठे व्यापारी. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी त्यांनी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले, आणि मनोऱ्याला मातोश्रींचे नाव देण्यात आले. 1878 मध्ये तो पुरा झाला. अंध झालेल्या धर्मनिष्ठ राजाबाईंना घड्याळाच्या टोल्यांवरून सायंकाळच्या भोजनाची वेळ कळावी, असा त्यामागे हेतू होता, असे सांगतात. घंटा वाजली तेव्हा धाकटी हसून म्हणाली, "चला, आजीनं बोलावलंय." तिघांनी मैदानाच्या कडेला डबा उघडला. घरची दशमी आणि शेंगदाण्याची चटणी असल्याने वहीत भोजनखर्च शून्य पडला.

त्याच प्रेमचंदांच्या चरित्राला दुसरीही बाजू आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला आणि बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअरमागे शहर वेडे झाले. युद्ध संपताच 1865 मध्ये सारे कोसळले. 2,850 रुपयांवर गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर 87 रुपयांवर आला आणि पुढे ती बँकही बुडाली. समुद्र बुजवण्याची कल्पना मात्र बुडाली नाही. 1920च्या दशकात सरकारने ती पुन्हा हाती घेतली. त्या कामातील गैरव्यवहार बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. पुढे त्याच भरावाच्या एका टोकाला नरिमन पॉइंट हे त्यांचे नाव मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळकेश्वरचे आदीश्वर मंदिर झाले. नंतर मणिभवन पाहिले. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की येथे उतरत. 1891 मध्ये विलायतेहून परतताच याच शहरात त्यांची जवाहिऱ्या श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली होती. दुकानात बसून धर्म जगता येतो, हे गांधीजींनी त्यांच्यात पाहिले. मरीन ड्राइव्ह पायी चालून तिघे चर्चगेटला आले. तिथून भुयारी मेट्रोने, दहा रुपयांपासून सुरू होणाऱ्या तिकिटात, शेवटचे स्थानक कफ परेड गाठले.

पुढचा रस्ता मच्छीमार नगरात जातो. एका बाजूला गगनचुंबी इमारती आणि दुसऱ्या बाजूला बैठ्या घरांच्या दाट गल्ल्या व होड्या. वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास आला आणि धाकटीने ओढणी नाकाला लावली. "इथं कशाला आलो आपण?" ती म्हणाली. थोरल्याला 26 नोव्हेंबर 2008 ची जागा पाहायची होती. त्या रात्री दहशतवाद्यांची रबरी होडी येथेच, बधवार पार्कजवळच्या किनाऱ्याला लागली. वसाहतीतील लोकांनी त्यांना पाहिले, हटकलेही. दीडशेहून अधिक माणसे बळी गेलेल्या त्या हल्ल्यात, आलेल्यांना 'कोण तुम्ही?' असे प्रथम विचारणारे हे कोळी होते.

1 जूनपासून मासेमारीला बंदी असल्याने यांत्रिक होड्या परतल्या होत्या. काहींवर ताडपत्री चढली होती. एक म्हातारे गृहस्थ जाळे दुरुस्त करीत होते. मधल्या भावाने विचारले, "काका, आता दोन महिने काम बंद?" ते म्हणाले, "दर्या खवळतो, आन् मासली अंडी घालते. तिलाबी येल द्याया नको?" तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पावसाळ्यात जीवसृष्टी वाढते म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात, हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. येथील थांबणे पोटासाठी होते, तेथील धर्मासाठी. तरीही दोहोंच्या मुळाशी पावसाळ्यातल्या जिवांची जाण होती.

ऊन कडक होते. जवळच्या घरातून एक कोळीण बाहेर आली. मुलीचा सुकलेला चेहरा पाहून तिने तांब्या पुढे केला. मुलीचा हात अडखळला. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "जैन ना गो तुमी? मंग आमचे घरचा पानी नको. थांबा." तिच्या स्वरात राग नव्हता. कोपऱ्यावरच्या गाडीवरून तिने तीन शहाळी सोलून आणवली आणि पैसे स्वतः दिले. थोरल्याने पाकीट काढले, तेव्हा ती म्हणाली, "पावन्यांकडनं पैसे घेत नाय."

शहाळे पिताना धाकटीची ओढणी नाकावरून केव्हा खाली आली, ते तिलाही कळले नाही. "मावशी, माफ करा," ती म्हणाली. बाई हसल्या. "त्यात काय? नारल आमचा देवाचा हाय. नारली पुनवेला दर्याला तोच देतो."

परतीच्या वाटेवर तिघे बराच वेळ गप्प होते. जीवहिंसेविषयीचे त्यांचे मत बदलले नव्हते आणि ते बदलण्याचे कारणही नव्हते. पण व्रत हे स्वतःच्या आचरणाला घातलेले बंधन आहे; दुसऱ्याच्या दारात ओढणी नाकाला लावण्याचा तो परवाना नव्हे, हे मात्र उमगले. त्यांच्या व्रताची आठवण ज्या बाईने त्यांच्याआधी ठेवली, तिच्या व्यवसायाशी त्यांचा जन्मभराचा मतभेद राहणार होता. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळाले ती कोळ्यांची देवी. ज्या समुद्रावर भराव पडत गेला ते त्यांचे शेत. बॅकबेच्या शेअरची चढउतार इतिहासात नोंदली गेली. मासेमारीची जागा किती गेली, याचे खाते कोणत्या पेढीवर उघडले गेले नाही.

सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून तिघे रात्रीच्या गाडीत बसले. वही धाकटीकडे होती. मेट्रो, बस, धर्मशाळा, प्रभावना अशा नोंदी झाल्या आणि साडेतीन हजारांच्या वर शिल्लक निघाली. शेवटी ती शहाळ्यांपाशी अडली. मधला भाऊ म्हणाला, "पैसे दिलेच नाहीत, तर लिहायचे कशाला?"

सकाळी सांगलीला आजोबांनी चष्मा लावून वही तपासली. शेवटच्या पानावर, देण्याच्या बाजूला लिहिले होते: 'मच्छीमार नगर, कफ परेड. शहाळी तीन.' रकमेची जागा कोरी होती. आजोबांनी कारण विचारले आणि सगळे ऐकून घेतले. मग वही मिटून ते म्हणाले, "नारळी पौर्णिमेला पुन्हा जा. हे देणे उभे ठेवू नका."