उन्हवऱ्याचे पाणी, कोयनेचा खडक

पालघरकडच्या कोकनेरपासून राजापूरजवळच्या उन्हाळ्यापर्यंत, साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात गरम पाण्याची अठराएक ठिकाणे भूवैज्ञानिकांच्या यादीत आहेत. सातिवली, अकलोली, गणेशपुरी, पालीचे उन्हेरे, महाडजवळचे सव, खेड-दापोली भागातले उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी. पाणी कुठे कोमट तर कुठे हात घालवणार नाही इतके. सगळ्यांत गरम उन्हवऱ्याचे, सत्तर अंशांच्या आसपास. सगळी ठिकाणे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये, जवळजवळ एका रेषेत. नकाशावर टिंबे मांडली की जमिनीखाली लांबलचक भेगा असणार हे शाळकरी पोरही सांगेल. त्या भेगा किती खोल, हे सांगताना मात्र मोठ्यांचेही एकमत होत नाही.

*

कुंडावर भेटणारा प्रत्येक माणूस सांगतो की खाली गंधक आहे, म्हणून पाणी तापते. वास येतो हे खरे. पण हायड्रोजन सल्फाइडचा वास अब्जात काही भाग इतक्या कमी प्रमाणातही नाकाला कळतो. नाक हे या बाबतीत फारच तिखट उपकरण आहे, त्यावरून गंधकाचा साठा ठरवू नये. उष्णता खोल खडकाची. पाणीही खडकाने बनवलेले नाही, ते पावसाचेच. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पाहिले की पाणी कुठले ते ओळखता येते. तुरळ-राजवाडीच्या पाण्याचा असा अभ्यास भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केलेला आहे.

*

नमुना घेणे ही या शास्त्रातली सगळ्यांत कमी कौतुकाची आणि सगळ्यांत महत्त्वाची पायरी. एकाच झऱ्यावर तीन-चार बाटल्या भरतात. एक गाळून घेऊन तिच्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकायचे, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह वाटेत तळाशी बसत नाही. दुसरी आम्लाशिवाय, क्लोराइड-सल्फेटसाठी. तिसऱ्या बाटलीत झऱ्याचे पाणी तिथल्या तिथे ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करायचे, कारण गरम पाण्यात मावलेली सिलिका थंड होताना आपापसात जुळून साखळ्या करते आणि मग तपासणीत कमी भरते. सामू आणि क्षारता कुंडाच्या काठावर बसूनच मोजायची. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निसटलेला असतो आणि सामू चढलेला असतो.

प्रयोगशाळेतून आकडे आले की पहिली परीक्षा जमाखर्चाची. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते, तेव्हा धन आयनांची बेरीज आणि ऋण आयनांची बेरीज जुळली पाहिजे. पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर आकडे घ्यायचे. जास्त असेल तर एखादा आयन मोजायचा राहिला आहे किंवा कुठला तरी चुकीचा मोजला आहे. कुणी कोष्टक दाखवले की माझी नजर आधी या बेरजेकडे जाते. ती दिलेलीच नसेल तर पुढचे आलेख कितीही रंगीत असोत, मला त्यांची घाई नसते.

*

झऱ्याचे पाणी वर सत्तर अंश, पण खाली किती होते? थर्मामीटर तर तिथे पोचत नाही. यावर १९७०च्या दशकात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रॉबर्ट फूर्निये यांनी सुटसुटीत सूत्रे दिली. क्वार्ट्झ गरम पाण्यात जास्त विरघळते, थंड पाण्यात कमी. पाणी भराभर वर आले तर विरघळलेली सिलिका बाहेर पडायला वेळ मिळत नाही, म्हणजे खालच्या तापमानाची खूण पाण्यात तशीच राहते. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सिलिका मोजा, तिचा लॉगॅरिदम घ्या, तो ५.१९ मधून वजा करा, १३०९ ला त्याने भागा, २७३.१५ वजा करा. आले तापमान सेल्सिअसमध्ये.

समजा लिटरला शंभर मिलिग्रॅम सिलिका निघाली. सूत्र म्हणते, खाली १३७ अंश.

पण थांबा. खाली पाणी क्वार्ट्झशी समतोल साधून होते, हे कुणी सांगितले? बेसॉल्टात पुष्कळदा क्वार्ट्झऐवजी कॅल्सेडोनी सिलिकेचा कारभार पाहते आणि ती थोडी अधिक विरघळते. तिचे सूत्र वेगळे: १०३२ भागिले (४.६९ वजा लॉग सिलिका), मग तेच २७३.१५ वजा. त्याच शंभर मिलिग्रॅमला आता उत्तर येते ११० अंश. पाणी तेच, बाटली तीच, मोजणीही तितकीच नेमकी, आणि तापमानात सत्तावीस अंशांचा फरक. वीज करायची असेल तर हे सत्तावीस अंश म्हणजे प्रकल्प होणार की नाही याचा निकाल.

त्यात वाटेत भेटलेले थंड भूजल. वर येणारे गरम पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळले की सिलिका पातळ होते आणि सूत्र खालचे तापमान कमी दाखवते. म्हणून पावसाळ्यातला नमुना आणि मे महिन्यातला नमुना एका पंक्तीला बसवू नयेत. कोकणात आणखी एक पाहुणा असतो, समुद्राचे पाणी. सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियमवर चालणारे दुसरे एक सूत्र आहे, ते या खाऱ्या पाहुण्यामुळे बिचकते. अहवालात ‘भूजलाशयाचे तापमान अमुक’ असे एकच तापमान छापलेले दिसले की मी समासात लिहितो: कोणते सूत्र?

*

कॅल्सेडोनीवरून आठवले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे जे हिरवे ॲपोफिलाइट, पीच रंगाचे स्टिलबाइट बसलेले आहे, ते अशाच गरम पाण्याचे जुने काम. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांतून हजारो वर्षे गरम पाणी झिरपले आणि खडकातलाच माल विरघळवून पोकळ्यांत जमवत गेले. या स्फटिकांतले कोणते झिओलाइट किती तापमानाला तयार होते हे ठाऊक असेल तर ते विझलेल्या झऱ्याचा थर्मामीटर ठरते. जॉर्ज वॉकर यांनी पूर्व आइसलंडच्या बेसॉल्टात झिओलाइटांचे पट्टे आखून १९६० मध्ये हे दाखवून दिले. आपल्याकडे खाणमालकांनी आणि संग्राहकांनी हे स्फटिक पोटच्या पोरासारखे सांभाळले, पण कोणता तुकडा कोणत्या थरातून, किती उंचीवरून निघाला याची नोंद फारशी कुणी ठेवली नाही. सौंदर्य राहिले, मोजमाप गेले.

*

कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठणे येथे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, २०१७ मध्ये ते पुरे झाले. कराडला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळाच आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि खाली जुना ग्रॅनाइट-नाइस लागला. भूकंपापुरता हा विषय सगळ्यांना माहीत असतो. माझे लक्ष तापमानाकडे. त्या भागात सहा किलोमीटर खोलीवर १३० ते १५० अंश असतील, असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे वीस अंश. हे काही तापलेले क्षेत्र नव्हे. दख्खनच्या जमिनीतून वर येणारी उष्णता चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस मिलिवॅट. एका चौरस किलोमीटरची सगळी गोळा केली तरी घरातले वीसएक गीझर चालतील.

आता हा वीस अंशांचा दर कोकणाला लावून पाहा. वरच्या हिशेबातले ११० अंश हवे असतील तर पाण्याला चार किलोमीटर खाली जावे लागेल, १३७ साठी साडेपाच. इतक्या खोलीवर भेगा उघड्या राहतात का, हा प्रश्न सूत्राच्या बाहेरचा. खाली कुठे शिलारस साठलेला आहे असे मानायला पुरावा नाही. पाऊस खोल जातो, सावकाश तापतो, एखाद्या भेगेने पटकन वर येतो, एवढेच.

*

भारताची भूऔष्णिक क्षमता १०,६०० मेगावॅट, हा आकडा गेली कित्येक वर्षे प्रत्येक भाषणात येतो. लडाखच्या पुगा खोऱ्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७०च्या दशकात विहिरी घेतल्या, ओएनजीसीने २०२१ मध्ये एक मेगावॅटच्या पथदर्शी प्रकल्पाचा करार केला. दहा हजारांतल्या पहिल्या एकाचा करार व्हायलाच अर्धे शतक गेले.

असे आकडे येतात कसे ते पाहण्यासारखे आहे. सर्वाधिक वापरली जाते ती घनफळाची पद्धत. खडकाचे घनफळ, घनता, उष्माधारकता आणि किती अंशांनी थंड करणार, यांचा गुणाकार. एक घन किलोमीटर खडक फक्त एक अंशाने थंड केला तर साधारण ७५ कोटी युनिट उष्णता निघते. आकडा पाहून डोळे विस्फारतात. पण भेगांतून फिरणारे पाणी सगळ्या खडकाला शिवत नाही. चांगला भेगाळ खडक धरून पाव हिस्सा हाती येईल असे ठोकळ मानतात. राहिले एकोणीस कोटींच्या आत. शंभर-सव्वाशे अंशांच्या पाण्यापासून वीज करताना उष्णतेचा जेमतेम दहावा भाग वीज होतो. राहिले दोन कोटींहून कमी. या ‘पाव हिश्श्या’ला मोजमाप नाही, तो गृहीत आहे. तो पाच टक्के धरला तर उत्तर पाचपट खाली येते आणि कोष्टकात एकही चूक झालेली नसते.

याचा अर्थ झरे निरुपयोगी असा मी काढत नाही. सत्तर अंशांच्या पाण्याने आंबापोळी, कोकम, मासळी वाळवता येईल, शीतगृहही चालेल. कोकणाला मेगावॅटपेक्षा ते जास्त उपयोगाचे. त्यासाठी खोल विहीरही नको. पण अशा गोष्टीचे उद्घाटन छोटे होते.

*

जांभा म्हणजे काय उरले ते. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टवर सौम्य आम्लासारखा काम करतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बरीचशी सिलिका नदीने निघून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते. त्या राहिलेल्यातून चिरे कापून कोकणाने घरे बांधली. निघून गेलेल्याचा हिशेब नदीच्या पाण्यात सापडतो. जगाच्या जमिनीवर बेसॉल्ट पाच टक्क्यांहून कमी, पण सिलिकेट खडकांची झीज हवेतला जेवढा कार्बन डायऑक्साइड शोषते त्यातला तीसएक टक्के वाटा एकट्या बेसॉल्टचा, असा फ्रेंच संशोधकांचा हिशेब आहे. त्याच गटाने दख्खनच्या नद्यांचे नमुने घेऊन २००१ मध्ये आकडे दिले. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने कृष्णा खोरे आणि पश्चिम घाटातले प्रवाह मोजले, तेव्हा दर बराच कमी आला. फरक टक्क्यांचा नव्हता, पटीचा होता. कारण समजण्यासारखे आहे: नदीतला सगळा सोडियम खडकाचा नसतो. काही पावसाबरोबर समुद्रावरून येतो, काही खारवट जमिनीतून, आणि हल्ली काही शहरांतूनही. कोणता किती वजा करायचा, यावर डोंगराची झीज ठरते.

*

लोणार हे याच रसायनाचे बंद दार. विवरातून पाणी बाहेर जात नाही. बेसॉल्टातून आलेले सोडियम आणि बायकार्बोनेट आत जमते, ऊन पाणी नेते, कॅल्शियम चुना होऊन खाली बसतो, आणि सामू दहाच्या घरात जातो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा महाराष्ट्रभर तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने पाहून सांगितले की क्षार वाढल्याने हॅलोआर्किया हे खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव फोफावले. गंमत म्हणजे रंग काही दिवसांत गेला तसे कुतूहलही गेले. दर महिन्याला सामू आणि पातळी मोजणाऱ्या माणसाचे नाव कुठल्याच बातमीत येत नाही.

*

प्रयोगशाळेत खनिजाची पूड पाण्यात ढवळून विरघळण्याचा वेग मोजतात. डोंगरावर तेच खनिज शेकडो, कधी हजारो पटींनी सावकाश विरघळते. ताजा पृष्ठभाग आणि लाखो वर्षे पाणी पिऊन बुजलेला पृष्ठभाग यांत इतका फरक. हे ज्याला माहीत आहे तो निसर्गाचा वेग नेहमी कमीच धरतो.

आणि आइसलंडमध्ये उलटेच झाले. हेल्लिशेइदी भूऔष्णिक केंद्राजवळ २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टात सोडला. आधी १७५ टन शुद्ध वायू, मग केंद्रातूनच निघणाऱ्या मिश्र वायूचे ७३ टन. त्याचा माग राहावा म्हणून थोडा कार्बन-१४ मिसळला होता. खडकातून सुटलेल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा चुना होईल हे ठाऊक होते, पण शेकडो वर्षे लागतील अशी सर्वसाधारण समजूत. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायू दगड झाला. निरीक्षण-विहिरीतला पंप अडकला, वर काढला तर त्यावर कॅल्साइटचा थर, आणि त्या थरात तोच खुणेचा कार्बन. २०१६ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आले. नादुरुस्त पंपाइतका बोलका पुरावा मी दुसरा वाचलेला नाही.

*

तेव्हापासून दख्खनकडे डोळे लागले आहेत. पाच लाख चौरस किलोमीटर बेसॉल्ट. पवईच्या आयआयटीत कार्बन पकडण्या-वापरण्याचे राष्ट्रीय केंद्रही आहे. तरी दोन अडचणी आधी मोजून घ्याव्यात. आइसलंडचा खडक तरुण आणि मोकळा, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पोकळ्या त्याच सुंदर झिओलाइटांनी बुजवल्या आहेत. विहीर खणणारे सांगतात तसे काळा पाषाण, मांजऱ्या, गेरूचा थर, पुन्हा पाषाण. पाणी घेईल तो पोकळ्यांचा मांजऱ्याच, पण तोच गावाचे पिण्याचे पाणीही धरतो.

दुसरी अडचण पाण्याचीच. एक टन वायू विरघळवायला पंचवीसएक टन पाणी लागते. कोळशावरचा ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण चालला तर अकरा-बारा हजार टन वायू सोडतो. म्हणजे रोज तीसएक कोटी लिटर पाणी. माणशी १३५ लिटरने वीस लाखांहून अधिक लोकांचे. असे संच जिथे आहेत त्या विदर्भात हे कुणाकडे मागायचे? समुद्राचे पाणी वापरून पाहण्याचे प्रयोग आइसलंडमध्येच सुरू झाले आहेत, आणि आपला बेसॉल्ट किनाऱ्यावर संपत नाही, मुंबईसमोरच्या समुद्रात ओएनजीसीच्या विहिरींना तो चुनखडकाखाली लागला आहे. त्या खोलीवर त्याच्या भेगांत दाबाने किती पाणी शिरते, हे मोजणाऱ्या चाचण्यांपासून सुरुवात करावी लागेल. खर्च मोठा आहे, पण प्रश्न सोपा आहे आणि त्याचे उत्तर कुठल्याही सूत्राशिवाय पंपावरच्या मीटरवर वाचता येते.