मरुतीरावरील नौका

समुद्र कोंकणचा आणि शेती देशावरची, अशी वांटणी आम्हां मराठवाड्यांतील लोकांच्या मनांत पक्की बसलेली आहे. आमच्या धावड्यापासून समुद्र सुमारें दोनशें मैल दूर. त्यामुळें मस्कतांत नोकरीस असलेला आमचा भाचा एका स्नेह्याच्या खाजगी शिडाच्या नौकेंतून ओमानचा किनारा पाहावयास जाणार, असें कळतांच भगिनीनें आम्हांस विचारलें, "समुद्रयात्रा शास्त्रास निषिद्ध ना? आणि आपल्या मुलखाचा त्या वाळवंटाशीं संबंध तो काय?"

प्रश्न मातृहृदयाचा होता. हंसण्यावारीं नेण्याजोगा नव्हता. बौधायनानें समुद्रगमन पातकांत गणलें आहे खरें. परंतु उत्तरेकडील लोकांच्या आचारांतही तेंच नोंदिलें आहे. प्राप्ति असल्यावांचून निषेध संभवत नाहीं, हा मीमांसकांचा न्याय. लोक जात होते, म्हणूनच सूत्रकारास बोलावें लागलें.

संबंध म्हणाल, तर तो आमच्या तालुक्याच्या गांवींच आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथें १९७३ सालच्या उत्खननांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष निघाला. तिच्याशीं विलक्षण साम्य असलेली मूर्ति इटलींतील पाँपेई नगरींत १९३८ सालीं सांपडली होती. ती नगरी इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेंत गाडली गेली. ती मूर्ति भोगवर्धनाच्याच कारागिरांची असावी, असें कित्येक विद्वान् मानतात. पैठण व तेर येथील माल गाड्यांतून भडोचेस जाई, असें 'पेरिप्लस' या त्याच शतकांतील ग्रीक ग्रंथांत लिहिलें आहे. पुढें अरबस्तानाचा ओसाड किनारा आणि तांबडा समुद्र. वाटेवरील सोकोत्रा बेटाच्या गुहेंत भारतीय खलाशांचे ब्राह्मी लेख आढळले आहेत. त्यांत भडोचकरही आहेत.

आजच्या हौशी नौकेवर खारें पाणी गोडें करणारें यंत्र असतें. म्हणून मुसंदमचे उघडेबोडके कडे रम्य वाटतात. पूर्वींच्या खलाशास तेच कडे भयाण वाटत असतील. वारा पडला कीं पाणी मोजून प्यावयाचें! त्या धैर्याची प्रचीति नुकतीच आली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील गलबतावरून गोव्यांत बांधलेलें, काथ्याच्या दोरीनें शिवलेलें 'कौंडिण्य' हें नौदलाचें जहाज डिसेंबर २०२५ मध्यें पोरबंदराहून यंत्रावांचून निघालें आणि जानेवारी २०२६ मध्यें मस्कतास पोंचलें.

भगिनीस आम्हीं इतकेंच कळविलें कीं, मुलगा परक्या वाटेनें जात नाहीं. बुजलेली वाट उकरीत आहे. वारा ओळखणारा तांडेल बरोबर असावा, म्हणजे झालें.

अजिंठा आम्हांस जवळ. वाचकांनीं तेथें दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांतील गलबत अवश्य पाहावें. चित्रकारानें शिडें तर काढलींच आहेत. पण नौकेवर ओळीनें मांडलेले घट काढावयासही तो विसरलेला नाहीं.