एल-फोर, एल-फाइव्ह आणि मी

'लोड' आणि 'फेल्युअर' हे शब्द आम्हा सिव्हिलवाल्यांना तोंडपाठ! पण थर्ड इयरला ते माझ्याच कमरेला लागू होतील असं वाटलं नव्हतं. एल-फोर आणि एल-फाइव्ह या मणक्यांमधली गादी मागे सरकून नसेवर दाबत होती. कंबर राहिली बाजूला, कळ जायची थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. बसवतच नसे, म्हणून लेक्चरला शेवटच्या बाकामागे उभा राहायचो.

पहिले सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून टाकू. दुसरे म्हणाले, घाई नको. होस्टेलवर तर रूमागणिक एक तज्ज्ञ! कुणाचे काका ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळले, कुणाची आत्या दोन महिन्यांत गड चढून आली. आईचं एकच, "पाठीला सुरी नको रे बाबा!"

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी आकडे सांगितले. २००७ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशंट २८३. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना आधी औषधं आणि व्यायाम. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं मात्र वर्षाच्या आत ऑपरेशन झालंच.

म्हणजे खरा प्रश्न एवढाच, की दुखणं सोसत किती दिवस वाट बघायची?

मी थांबायचं ठरवलं, पण अटींवर. पायातला जोर कमी झाला तर लगेच दाखवायचं. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर रात्री दोनलासुद्धा हॉस्पिटल गाठायचं, तिथे चर्चा नाही. ही चिठ्ठी दारामागे मेसच्या टाइमटेबलशेजारी चिकटवली आहे. रोज रात्री रूममेट माझा अंगठा दाबून धरतो, मी तो वर उचलतो. "पास!" म्हणतो आणि लाइट घालवतो.

आज अकरावा आठवडा. कळ आता गुडघ्याखाली उतरत नाही. तरी पुढच्या महिन्यात ऑपरेशन करावं लागलं, तर करीन. मग ते काकांना घाबरून टाळणार नाही, की आत्याकडे बघून उडीही मारणार नाही.

असो. तुमच्यापैकी कुणाची कंबर धरली असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. माझ्या पायात जोर किती आहे? आणि थांबायचं तर कधीपर्यंत?