दुसऱ्यांदा पाना लावताना

महामार्गावर बंद पडलेले ट्रक ओढून आणणाऱ्या क्रेनवर आमच्या वडिलांनी आयुष्याची ३० वर्षे काढली. मुंबई-अहमदाबाद रस्त्याला त्या काळी आठ नंबरचा महामार्ग म्हणत; आज त्याचा क्रमांक ४८ आहे. वसईपासून मनोरपर्यंत कोठूनही रात्री-अपरात्री त्यांना बोलावणे येई. त्या क्रेनच्या चाकांपाशी बसून आम्ही जे शिकलो, त्यातील एक गोष्ट वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

चाक हबला धरून ठेवणारे बोल्ट जेमतेम अंगठ्याएवढे जाड. गाडीचा भार त्यांच्यावरच लोंबकळत असतो, असा आमचाही समज होता. वस्तुतः नट कसला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगप्रमाणे आखडू पाहत रिमला हबवर घट्ट दाबून धरतो. त्या दाबातून होणारे घर्षणच भार वाहते. नट सैल झाला की रिम प्रत्येक फेऱ्यात हलते, बोल्ट पुढे-मागे वाकत राहतो आणि वारंवार वाकवलेल्या तारेप्रमाणे अखेर तुटतो.

ओढणाऱ्या गाडीचे दुखणे याहून अधिक. बंद ट्रकचे तोंड उचलले की ते वजन मागच्या आसाच्याही मागे लोंबते. त्यामुळे क्रेनचा पुढचा भाग हलका होतो आणि उचललेल्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकांवर पडतो. लाखो किलोमीटर धावलेल्या गाडीची चाके असंख्य वेळा काढलेली असतात. आटे झिजलेले, रिमवर गंज आणि रंगाचे थर. चाक नव्याने बसवल्यावर हे थर दबतात आणि बोल्टांचा ताण उतरतो. म्हणून पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा कसायचे, हा वडिलांचा नेम होता.

१९९४ च्या पावसाळ्यात मागची डावी जोडचाके काढून बसवली होती. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा कसण्याचे काम त्यांनी आम्हांवर सोपवले. पाऊस कोसळत होता. संध्याकाळी त्यांनी विचारले तेव्हा, "हो, झाले," असे आम्ही सांगून टाकले. झाले नव्हते.

चौथ्या दिवशी मनोरच्या अलीकडे ती चाके निखळली. त्यांतील एक रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपासून चार हातांवर खड्ड्यात पडले. टपरीच्या बाकावर दोन शाळकरी मुले पावसाच्या आडोशाला बसली होती.

वडील रात्री घरी आले ते खिशात तुटका बोल्ट घेऊन. दिव्याखाली त्यांनी तो आम्हांस दाखवला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा होत्या. उरलेला छोटा भाग खडबडीत होता. "हा आज तुटलेला नाही. कित्येक दिवस तुटत होता," एवढेच ते म्हणाले. मालकासमोर त्यांनी दोष स्वतःकडे घेतला, पगारातून पैसे कापले गेले आणि आम्ही गप्प राहिलो.

सत्य सांगण्यास आम्हांस दोन वर्षे लागली. ऐकून ते शांतपणे म्हणाले, "अरे, उरलेल्या नटांभोवती गंजाचे तांबूस ओघळ होते. सैल नटाची ती खूण. मी ते त्याच दिवशी पाहिले होते."

आज वडील नाहीत. आमच्या लहानशा गॅरेजात टॉर्क पाना आहे. बावीस मिलिमीटरच्या बोल्टांना सर्वसाधारणपणे ६०० ते ७०० न्यूटन-मीटर जोर लागतो. तरी त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच आम्ही प्रमाण मानतो. पान्यात पाइप घालून जोर काढणाऱ्या पोरांना आम्ही थांबवतो, कारण मर्यादेबाहेर ताणलेला बोल्ट पुन्हा पूर्ववत होत नाही. नट समोरासमोरचे कसायचे, रिम व हब तारेच्या ब्रशने घासायचे, नट हाताने फिरेना तर आटे तपासायचे. एक बोल्ट तुटला तर दोन्ही बाजूंचे शेजारीही बदलायचे. दोन तुटले तर सगळेच.

ज्यांच्या दारात टेम्पो वा ट्रक उभा असतो, त्यांना एवढीच विनंती की, चाक बदलल्यावर दुसऱ्यांदा पाना लावण्यास विसरू नये. आमच्याकडे नवा पोरगा कुरकुरतो, "अंकल, कालच तर कसले होते!" मग आम्ही पाना त्याच्या हाती देतो आणि तो शेवटचा नट कसेपर्यंत तेथेच उभे राहतो.