सड्यावरची वाट

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून घाटी चढून वर गेलं की सडा लागतो. नजर पोचेल तिथवर जांभ्याचा काळपट कातळ, मध्येच करवंदीची जाळी, कुठे एखादं सावलीपुरतं झाड. शाळा सड्यापलीकडच्या गावात होती, त्यामुळे रोजची ये-जा त्या कातळावरूनच. त्या वाटेवर एक मासा होता.

मासा म्हणजे कातळात खोदलेली रेघ. मोठा माणूस शेजारी आडवा झोपला तर त्याच्यापेक्षा थोडा लांब. शेपटी, पर, डोळ्याच्या जागी वाटीएवढा खळगा. उन्हाळ्यात तो माहीत असणाऱ्यालाच दिसायचा, कारण चरात माती आणि वाळकं गवत भरून तो कातळाच्या रंगात मिसळून जाई. जूनचे दोन-चार पाऊस झाले की मात्र बाकीचा सडा अजून उघडाबोडका असताना चरातल्या त्या चिमूटभर मातीत आधी गवत उगवे आणि काळ्या कातळावर हिरव्या रेघेचा मासा उठून दिसे. जुलैत आजूबाजूला दिपकाडीची पांढरी फुलं येत, श्रावण सरता सरता सीतेची आसवं. आम्ही मुलं चराच्या कडेकडेने पावलं टाकत माशाला पुरा वळसा घालायचो आणि मगच पुढे जायचो. आजीची तंबी असे, “पांडवांनी काढलाय तो. पाय देऊ नको हो, बाजूनं जा.”

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यांवर अशी चित्रं गावोगाव आहेत, हे मला कळलं ते नोकरीनिमित्त बंगळुरूला आल्यावर. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी शोधलेल्या कातळशिल्पांच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा मी सर्जापूर रोडवरच्या घरात बसून रात्र रात्र ते फोटो पाहिले. कशेळीचा हत्ती, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी प्राणी. बारसूला मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनात बसवलेली नक्षी. कुठे गेंडाही दिसतो, जो आज कोकणात नाही. ही चित्रं मध्याश्मयुगापर्यंत मागे जात असावीत, असं अभ्यासक मानतात. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ ही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

या सगळ्या शोधात मला मोलाची वाटते ती शोधण्याची रीत. ही माणसं गावात जायची आणि गुराख्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायची, सड्यावर काही चित्रबित्र आहे का? ज्यांचे पाय तिथे रोज पडत होते त्यांना ते ठाऊकच होतं. सरकारी दप्तरात तोच सडा सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून पडलेला. पीक येत नाही ती जमीन खराब, एवढाच हिशोब. त्या हिशोबाने आधी चिरेखाणी आल्या, मग सुरुंग लावून खड्डे पाडून, त्यात माती ओतून कलमांच्या बागा. माझ्याच नात्यातली कितीतरी घरं त्या कलमांवर उभी राहिली, तेव्हा त्यांना नावं ठेवणार नाही. पण ज्या जमिनीवर हत्ती आणि गेंडे कोरलेत तिला खराबा म्हणणारा कागद बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मध्यंतरी कंपनीच्या कामाने काही महिने इंग्लंडात स्विंडन गावी होते. तिथून जवळच उफिंग्टनचा पांढरा घोडा आहे. रिजवे नावाच्या फार जुन्या पायवाटेने चालत तिथे पोचता येतं. डोंगरउतारावरची हिरवळ खरवडून, चर खणून त्यात खडूचा दगड ठेचून भरलाय. सुमारे ११० मीटर लांब, धावता, मोजक्याच वळणांत उभा केलेला. १९९० च्या दशकात मातीच्या थरांची तपासणी झाली, तेव्हा तो ख्रिस्तपूर्व १३८० ते ५५० या काळातला ठरला. जवळ उभं राहून तो अख्खा कधीच दिसत नाही. एक पाय दिसतो, पाठीची रेघ दिसते, बाकी पायांनी चालून जुळवायचं. मी कडेकडेने चालले. हिरव्यावर पांढरी रेघ, आमच्याकडे काळ्यावर हिरवी. वारा भणाणत होता, मेंढ्या चरत होत्या, आणि माझ्या पायांना ती चाल ओळखीची होती.

त्या घोड्याची खरी नवलाई त्याच्या वयापेक्षा त्याच्या निगराणीत आहे. काही वर्षं लक्ष दिलं नाही तर कडेचं गवत आत सरकतं आणि घोडा बुजतो. म्हणजे जवळपास तीन हजार वर्षं, राज्यं बदलली, धर्म बदलले, भाषा बदलल्या, तरी दर पिढीत कोणीतरी डोंगर चढून गवत काढत आलं आहे. आजही उन्हाळ्यात स्वयंसेवक हातोड्या घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि खडू ठेचतात. कशासाठी काढला होता ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही, आणि त्यावाचून त्यांचं अडत नाही. तिकडेच सर्न अ‍ॅबासला टेकडीवर सोटा घेतलेला उघडा राक्षस आहे. कोणी त्याला अतिप्राचीन म्हणे, कोणी सतराव्या शतकातला. २०२१ मध्ये तपासणीतून तो इ.स. ७०० ते ११०० च्या दरम्यानचा निघाला. पांढऱ्या घोड्याच्या मानाने पोरच, पण निगा त्याचीही तशीच राखतात.

आमचा मासा कातळातला, त्याला खरवडायला नको. त्याला एवढंच हवं की शेजारून माणसं जात राहावीत. ती जायची थांबली. गेल्या मे महिन्यात चुलतभावाबरोबर सड्यावर गेले. मुलांना आता शाळेसाठी डांबरी रस्त्याने गाडी येते, घाटीत करवंदी माजलीय. बरीच शोधाशोध केल्यावर मासा सापडला. त्याच्या शेपटीवरून बागेचा गडगा गेला होता. गडगा घालणारे गडी परगावचे, त्यांना सांगायला तिथे कोणी नव्हतं.

इकडे बंगळुरूत सर्जापूर रोडवर मी सकाळी कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याकाठी चालते, रविवारी लांब. हा रस्ता पूर्वी एका गावातून दुसऱ्या गावात जायचा. आज ती गावं बसथांब्यांच्या नावांत उरलीत, पण मागच्या गल्ल्यांत शिरलं की जुनं गावठाण लागतं, आणि तिथे दगडही भेटतात. या शहराचं नाव ज्यात येतं तो इ.स. ८९० च्या सुमाराचा वीरगळ इथून फार दूर नाही, बेगूरच्या नागेश्वर मंदिरात आहे. बंगळुरूच्या लढाईत पडलेल्या वीराचा. हेब्बाळला सापडलेला कित्तय्या नावाच्या वीराचा दगड त्याहून जुना, ७५० च्या सुमाराचा. इंजिनियर असलेले पी. एल. उदयकुमार आणि मिथिक सोसायटीची मंडळी असे दगड हुडकून त्यांचं त्रिमितीय स्कॅनिंग करताहेत. तेही गल्लीबोळांत चालत, विचारत फिरणारेच.

माझ्या रविवारच्या वाटेवर असाच एक वीरगळ आहे. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्याला शिवलिंग, अगदी आपल्याकडच्यासारखा. खालचा कप्पा अर्धा जमिनीत गेलाय. घोड्याचे पुढचे पाय तेवढे दिसतात. चेहरे हळदीने बुजलेत. शेजारच्या घरातली अज्जी रोज सकाळी त्याच्यावर तांब्याभर पाणी घालते. कोणाचा दगड, म्हणून मी तिला कन्नडमध्ये विचारलं. “नम्म देवरु,” ती म्हणाली, आमचा देव. कोण लढला, कधी, तिला माहीत नव्हतं. मागे अपार्टमेंटचं बांधकाम सुरू झालं तेव्हा कंपाउंडची आखणी सरळ दगडावरून गेली होती. अज्जी सकाळी नेहमीसारखी तांब्या घेऊन आली आणि फक्कीच्या रेघेवर उभी राहिली. सुपरवायझर दोन दिवस समजावत होता, देव उचलून दुसरीकडे ठेवू, ओटा बांधून देऊ. ती नाही म्हणाली. आता भिंत तिथे हातभर आत वळते, पार्किंगची एक जागा कमी झालीय, आणि पाण्याचा टँकर वळताना ड्रायव्हरला खाली उतरून बघावं लागतं.