पर्वतीहून चाकणास

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर, गेला बाजार महाबळेश्वर तरी उभें राहतें. आम्ही ज्या प्रवासाची हकीकत येथें देत आहों तो पर्वतीच्या पायथ्यापासून चाकणपर्यंतचा, सुमारें चाळीस किलोमीटरांचा आहे. त्यांत तीर्थ नाहीं, थंड हवा नाहीं, आणि देखावा म्हणावा असेंही विशेष कांहीं नाहीं. हजारों माणसें या वाटेनें रोज जातात-येतात आणि घरीं परतल्यावर त्याविषयीं अवाक्षर काढीत नाहींत. आम्हांस तो वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं प्रथमच घडला, व तोही एक प्रकारचे पंच म्हणून.

त्याचें कारण असें. आमचें कुटुंब अकरा माणसांचें. धाकट्या बंधूचा मुलगा गेल्या वर्षीं चाकणनजीक खराबवाडीच्या बाजूस एका कारखान्यांत इंजिनियर म्हणून लागला. कारखान्याची गाडी त्याच्या पाळीच्या वेळेस नाहीं. मोटारसायकल घ्यावी तर आमच्या भगिनीचा मुलगा दोन वर्षांपूर्वीं त्याच रस्त्यावर मोशीजवळ पडून पाय मोडून घेऊन बसला होता; तेव्हांपासून आमची भावजय मोटारसायकल हा शब्द घरांत काढूं देत नाहीं. मग मोशीस दोन खोल्यांची जागा भाड्यानें घ्यावी असें निघालें. बंधू जागा पाहूनही आला. आमच्या घरांत आजवर चूल वेगळी झालेली नाहीं. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐशीं वर्षांच्या आहेत. त्या यावर कांहीं बोलल्या नाहींत, परंतु रात्रीं नातवाच्या पानाशेजारीं बसून त्याला आग्रह करण्याचा त्यांचा नेम मात्र सुटला. अशा वेळीं मुलानें तिसराच बेत मांडला : घरापासून स्वारगेटपर्यंत सायकल, तेथून नाशिक फाट्यापर्यंत मेट्रो, पुढें चाकणपर्यंत बस, आणि शेवटचे तीन किलोमीटर कसेंही. सर्वजण हसले. ‘ही नोकरी कीं चारधाम?’ असें बंधू म्हणाला. अखेर भावजयीनें तोड काढिली, ‘भाऊजी, तुम्हीच एकदां त्याच्याबरोबर जाऊन या. तुम्ही म्हणाल तें मी ऐकेन.’

आषाढांतील एका सकाळीं सहाच्या आधींच आम्ही दोघे निघालों. मुलाची सायकल नवी, गिअरांची. आमची काळी, उंच, नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षीं घेतलेली, जिच्यावरून आम्ही शाळेंत पस्तीस वर्षें गेलों. ज्यांना जुनें पुणें आठवत असेल त्यांना सायकलीचें माहात्म्य निराळें सांगावयास नको. सायकलीस बिल्ला नसला किंवा रात्रीं दिवा नसला तर दंड होत असे, डबलसीट नेली तरी होत असे, आणि तरीही सकाळीं रस्ते सायकलींनीं फुललेले असत. आज त्या रस्त्यावर आमच्या खेरीज दोन पेपर टाकणारीं मुलें व एक दूधवाला एवढेच सायकलस्वार आम्हांस दिसले. मागाहून येणारे मोटारसायकलवाले आमच्याकडे, एखादा बैल चुकून डांबरी रस्त्यावर आला आहे अशा दृष्टीनें पाहात होते.

अंतर दोन किलोमीटर. दहा मिनिटें लागलीं. सायकल ठेवण्याचा प्रश्न मात्र रस्त्यापेक्षां अवघड ठरला. एका स्थानकावर पूर्वीं पहारेकऱ्यानें मुलास कठड्याला सायकल बांधूं दिली नव्हती. म्हणून त्यानें स्वारगेटजवळ एका ओळखीच्या दुकानदाराच्या बोळांत दोन सायकलींपुरती जागा मिळविली होती. आमच्या लहानपणीं आगगाडीच्या स्टेशनांशेजारीं सायकल स्टँड असे, माणूस पत्र्याचा बिल्ला हातीं देई आणि निश्चिंतपणें गाडींत बसतां येई. कोट्यवधि रुपयांचें स्थानक बांधावें आणि दोन चाकांच्या यंत्राला टेकावयास भिंत नसावी, हा प्रकार आम्हांस नीट उमगला नाहीं. पुण्यांत २०१७ सालच्या अखेरीस भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजनाही मोठ्या थाटानें निघाली होती. थोड्याच काळांत त्या सायकली रस्त्यांवरून नाहींशा झाल्या.

मेट्रोविषयीं मात्र आम्हीं मनांत जी अढी धरिली होती ती सोडावी लागली. पिंपरी ते फुगेवाडी हा तिचा पहिला तुकडा ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झाला, पुढें १ ऑगस्ट २०२३ रोजीं ती दिवाणी न्यायालयापर्यंत आली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत धांवूं लागली. स्वारगेट हें शेवटचें स्थानक असल्यामुळें बसावयास जागा मिळते. मंडई, कसबा, मग मुठेच्या पात्राखालून न्यायालयाचें स्थानक. तें जमिनीखालीं सुमारें तेहेतीस मीटर खोल आहे. ज्या नदीच्या कांठीं आम्हीं बालपणीं खेळ मांडले तिच्या खालून आपण जात आहों, हें मनांत आल्यावर क्षणभर कसेंसेंच झालें. शेजारच्या तरुणानें फोनमधून डोकेंही वर काढिलें नाहीं. डब्यांत एक मुलगी आपली सायकल धरून उभी होती. सायकल आंत नेण्याची मुभा मेट्रो सुरू झाली त्याच वर्षीं देण्यांत आली, हें आम्हांस पुतण्यानें सांगितलें.

शिवाजीनगर सुटल्यावर कांहीं वेळानें गाडी जमिनीवर येते, आणि वर चढत उंच खांबांवरून धांवूं लागते. खडकी आली. येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. पुण्याचा माणूस सायकलीवरून कामास जाऊं लागला तो अशाच ठिकाणीं. मग बोपोडी, खालीं हॅरिस पूल आणि मुळा नदी, आणि पलीकडे दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवडची हद्द. डाव्या अंगास जुना लोहमार्ग दिसत राहतो. खंडाळ्याहून पुण्यापर्यंतची रेल्वे १८५८ सालीं सुरू झाली, आणि लोणावळ्याची विजेची लोकल १९७८ सालीं. आमचे वडील या दोहोंच्या मधल्या काळचे. पिंपरीस १९५४ सालीं सरकारनें पेनिसिलिनचा कारखाना काढिला, त्यांत ते लागले. सदाशिव पेठेंतून शिवाजीनगर स्टेशनापर्यंत सायकल आणि पुढें पिंपरीपर्यंत आगगाडी, असा त्यांचा क्रम होता. त्या वेळीं पिंपरी हें गांव होतें. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं निघालें, त्यानंतर या भागांत कारखाने उभे राहिले, १९७० सालीं नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका. विजार पायापाशीं क्लिपनें आवळलेली वडिलांची मूर्ति आम्हांस अद्याप स्पष्ट आठवते. स्टेशनापासून कारखान्यापर्यंत ते पायीं जात असावेत अशी आमची समजूत होती.

नाशिक फाट्यास सुमारें अर्ध्या तासांत पोंचलों. या स्थानकास आरंभीं भोसरी हें नांव दिलें होतें आणि खुद्द भोसरी तेथून तीन-चार किलोमीटर दूर. नवख्या माणसाची केवढी फसगत! येथवरचा प्रवास कोणालाही करितां येईल असा होता. खरी परीक्षा पुढें.

बस वेळेवर आली, पण पुरती भरलेली. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. या पुलावरून जातांना आमचे हात सवयीनें जोडले गेले, कारण हीच नदी वरच्या अंगास देहूला आणि खालच्या अंगास आळंदीला भेटते. पूल ओलांडून चिंबळी फाटा, कुरुळी फाटा, आळंदी फाटा. जसजसें पुढें जावें तसतशीं वाहनें वाढत जातात. आगगाडीच्या डब्याएवढे कंटेनर, नव्या मोटारी पोटांत घेऊन निघालेले ट्रेलर, त्यांच्या मधून वाट काढणारे मोटारसायकलस्वार. बाजूस पावसानें झालेले खड्डे. आम्हीं खिडकींतून तासभर हें पाहिलें, आणि आमच्या भावजयीच्या भीतीला जी आम्ही बायकी काळजी म्हणत होतों त्याची मनांतल्या मनांत क्षमा मागितली. या रस्त्यावर सायकलही चालविण्याजोगी नाहीं. चाकणला रेल्वे नाहीं. २००९ सालीं जर्मन मोटारींचे मोठे कारखाने येथें सुरू झाले, त्यांच्या मागोमाग आणखी कितीतरी आले, आणि त्या सर्वांचा भार या एका नाशिक रस्त्यावर व तळेगांवच्या फांट्यावर पडला.

तळेगांव चौकांत उतरलों तेव्हां घर सोडून दोन तास दहा मिनिटें झालीं होतीं. मुलगा शेवटचे तीन किलोमीटर भागीदारीच्या रिक्षानें जाई. ती भरेपर्यंत हालत नाहीं, आणि त्या दिवशीं तिनें वीस मिनिटें खाल्लीं. तो गेल्यावर आम्ही चौकांतच एका पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानापाशीं बसलों. तेथें जें पाहिलें तें या प्रवासांतील मुख्य होय. तळेगांवच्या रस्त्यानें माणसांमागून माणसें सायकलींवरून चाललीं होतीं. बहुतेक परप्रांतीं मजूर. जुन्या सायकली, हँडलला डबे. दुकानाच्या मागच्या पडवींत आठ-दहा सायकली साखळीनें बांधलेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, ‘हे लोक भोसरी-मोशीहून बसनें येतात, सायकल इथं ठेवतात. संध्याकाळीं परत इथंच लावून बस धरतात. महिन्याचे थोडे पैसे देतात.’ आमचा इंजिनियर पुतण्या ज्या विवंचनेंत होता ती या माणसांनीं कोणास न विचारतां सोडविली होती.

हालंड देशांत हेंच करितात, असें आम्हीं वाचलें होतें. तेथें कित्येक लोक एक सायकल घराकडील स्टेशनावर आणि दुसरी, जुनाट, कामाकडील स्टेशनावर ठेवितात; उट्रेख्त शहरांत रेल्वे स्थानकाखालीं साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, तो २०१९ सालीं पुरा झाला. सांख्यशास्त्रांत पंग्वंधन्याय म्हणून आहे : पांगळ्यास दिसतें पण चालवत नाहीं, आंधळ्यास चालवतें पण दिसत नाहीं, पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला म्हणजे दोघेही मुक्कामास पोंचतात. मेट्रोला बळ आहे पण ती कोणाच्या दारीं येत नाहीं. सायकल दारापर्यंत येते पण चाळीस किलोमीटरांचें बळ तिच्यापाशीं नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून निघाला, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों. पण आपल्या मुलानें पदवी घेतल्यावर सायकलीवरून कामास जावें हें आपल्याला कमीपणाचें वाटतें. आम्हांसही वाटत होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे.

दुपार आम्हीं संग्रामदुर्ग पाहण्यांत घालविली. किल्ला भुईकोट, आज फार थोडा उरला आहे. १६६० सालच्या पावसाळ्यांत फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाच्या मोठ्या फौजेसमोर तो पन्नासांहून अधिक दिवस लढविला, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच हातचा सोडिला. वरून पाऊस, खालीं चिखल, आणि गांवांतल्या कांद्याच्या बाजाराचा वास. अर्धा तास आम्ही तेथें एकटेच होतों.

परतीचा प्रवास लिहिण्याचें जिवावर येतें. सायंकाळीं साडेपांचास बस मिळाली आणि आळंदी फाट्यापाशीं ती पाऊण तास जागची हालली नाहीं. मुलगा उभ्यानें झोपला. नाशिक फाट्यावर आलों तों अंधार पडला होता. स्वारगेटला बोळांतून सायकली काढल्या तेव्हां पाऊस धरला होता. पर्वतीच्या चढावर आम्ही उतरून चालूं लागलों. घरीं पोंचावयास सकाळच्याहून एक तास अधिक लागला.

भावजय दारांतच उभी होती. आम्हीं तिला सर्व जसेंच्या तसें सांगितलें. मेट्रोपर्यंतचा भाग उत्तम. बसचा भाग कंटाळवाणा पण मोटारसायकलीहून शंभरपट बरा. आणि तिकडील टोंकाला एक सायकल ठेविल्यास रिक्षाचा खोळंबा वांचेल. रोजचे चार-साडेचार तास जातील, हेंही लपविलें नाहीं. बंधू म्हणाला, ‘म्हणजे मोशीची जागाच बरी.’ आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं, कारण हिशेबानें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. तेवढ्यांत मातोश्री आंतून म्हणाल्या,

‘अरे, ह्यांच्यासुद्धां दोन होत्या. एक घरीं अन् एक पिंपरीस. तिकडची कोणाच्या तरी पडवींत असायची. तुला कुठली ठाऊक असणार, तूं बिगरींत होतास.’

आम्ही सारे गप्प झालों. मुलगा मात्र आजीजवळ जाऊन बसला आणि ती सायकल कशी होती, तिला कुलूप कसलें होतें, असें विचारूं लागला. त्या रात्रीं त्याच्या पानाशेजारीं मातोश्री पुनः बसल्या.

दुसरी सायकल म्हणून आमचीच काळी सायकल द्यावयाचें ठरलें. चाकणहून मार्केट यार्डांत कांदा घेऊन येणारा एक टेंपोवाला परत जातांना रिकामाच जातो, असें कळलें. रविवारीं आम्हीं तिची साखळी तेलानें पुसली, ब्रेक आवळले आणि ती त्याच्या गाडींत चढविली. मोशीच्या जागेचा विसार अद्याप दिलेला नाहीं. पावसाळा सरेपर्यंत तो विषय काढूं नये असें बंधूनेंच सुचविलें आहे. टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत रिकाम्या पोत्यांवर आडवी पडलेली आमची सायकल आणि तिचें वर आलेलें, वाऱ्यानें फिरत असलेलें पुढचें चाक आम्ही पाहात उभे होतों.